चाकूसमोर तलवारबाजी: काय ठेवायचं, काय विसरायचं

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की नागपुरात त्रिमूर्तीनगरजवळच्या आमच्या हॉलवर नवीन मुलं येतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेला प्रश्न येतो. यंदा तो मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारला. मुलगा सतरा वर्षांचा, ट्यूशन सुटल्यावर रात्री नऊ-सव्वानऊला एकटा घरी येतो. फॉर्मवर सही करता करता त्या म्हणाल्या, "मॅडम, कोणी चाकू काढला तं हे तलवारबाजी कामी येते का? नाही तं मंग चाकूचंच काही असन तं थेच शिकवा. याचा दोस्त मोबाईलवर पाहू पाहू शिकून राह्यला."

मुलगा गप्प. त्याच्या दप्तराची चेन अर्धी उघडी होती आणि आत कंपासपेटीशेजारी घडीचा चाकू दिसत होता. आईसमोर मी त्याला काही बोलले नाही.

ताईंना उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून बसून लिहिते आहे. मी सकाळी शाळेत पीटी शिकवते, संध्याकाळी तलवारबाजी. या खेळात फॉइल, सेबर आणि इपी अशी तीन हत्यारं असतात; इपी हे माझं हत्यार. कॉलेजात असताना हातात घेतलं, त्याला आता चोवीस वर्षं झाली. चाकूशी माझी गाठ दोनदा पडली, एकदा धंतोलीत आणि एकदा आमच्याच हॉलमध्ये. दोन्ही पुढे सांगते. उत्तर मात्र आधीच सांगून टाकते. तलवारबाजीनं पाय आणि नजर तयार होते, आणि चाकूसमोर त्या दोन्हींचा उपयोग तिथून निसटण्यासाठी करायचा. हाताचं जे शिकतो त्यातलं बरंचसं रस्त्यावर विसरावं लागतं, आणि ते विसरण्याचाही सराव करावा लागतो.

खेळातलं पातं आणि खिशातलं पातं

स्पर्धेतल्या इपीचं पातं जास्तीत जास्त 90 सेंटिमीटर, मुठीसकट 110, वजन 770 ग्रॅमच्या आत. त्याला धार नसते. टोकाला स्प्रिंगची छोटी कळ असते. ती 750 ग्रॅमचा भार सहन करून त्याहून जास्त दाबली गेली की दिवा लागतो. म्हणजे अंगात नीट टोचलं तर गुण, नुसतं घासून गेलं तर काही नाही. चाकू तर घासून गेला तरी कापतो. इपीवाल्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेलं असतं की घासलेलं मोजायचं नाही, आणि ही पहिली सवय त्याला घातक ठरते.

तिन्ही हत्यारांत फरक आहे, तो स्वसंरक्षणाच्या नजरेनं पाहा. फॉइलमध्ये फक्त धडावरचा वार धरतात, आणि दोन्ही दिवे लागले तर आक्रमणाचा हक्क कोणाकडे होता हे पाहून रेफरी एकालाच गुण देतो. सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग, कापण्याचे वारही चालतात, पण आक्रमणाच्या हक्काचा नियम तोच. इपीत पायाच्या अंगठ्यापासून मास्कपर्यंत सगळं अंग उघडं असतं आणि हक्कबिक्क काही नसतो. जो आधी टोचेल त्याचा गुण. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांनी टोचलं तर दोघांनाही. म्हणून कोणी स्वसंरक्षण मनात धरून आलं तर मी इपी घ्यायला लावते. "मी आधी हल्ला केला, म्हणून तुझा वार मोजायचा नाही," हा फॉइलचा हिशेब चाकूवाला मानत नाही. दोघांनी एकमेकांना मारलं तर दोघंही मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, कॅज्युअल्टीत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगते. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव हा ऑलिंपिक विजेता फॉइल खेळत होता. समोरच्याचं पातं मोडलं, मोडकं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं आणि तो वाचला नाही. त्यानंतर पात्यांचं पोलाद बदललं, मास्क बदलले, कपड्यांचे नियम कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं जॅकेट 800 न्यूटनच्या कसोटीला उतरलेलं असतं, आणि आमच्या हॉलवर मास्कच्या जाळीत वाकडेपणा दिसला की तो मास्क मी बाजूला टाकते. पिस्टवर, म्हणजे सामन्याच्या पट्टीवर, मुलं समोरच्या पात्यावर बेधडक चालून जातात ती हिंमत या कपड्यांतून आलेली असते. अंगात सुती टी-शर्ट असला की ती तिथे नसते, आणि नसावीच.

रविवारचा मार्कर

दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त सुभेदार साहेबांशी ओळख झाली. फौजेत त्यांनी चाकूचा सराव केला होता आणि पुढे इतरांना शिकवलाही होता. मी त्यांना विनंती केली की दोन रविवार आमच्या मोठ्या मुलांना दाखवा. ते आले ते पाकीटभर लाल मार्कर घेऊन. मुलांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की जुने पांढरे टी-शर्ट घालून या. डोळ्यांसाठी मास्क तर होतेच.

पहिला सामना इपी विरुद्ध मार्कर. माझी सोळा वर्षांची एक मुलगी, राज्य स्पर्धा खेळलेली, हातात इपी. साहेबांच्या हातात बोटभर मार्कर. पहिल्याच सेकंदाला तिनं त्यांच्या मनगटावर सुरेख टच केला आणि सवयीनं हात खाली घेतला, वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात साहेब आत आले, डाव्या हातानं पातं धरलं आणि उजव्यानं तिच्या पोटावर, बरगडीवर, दंडावर रेघा ओढत सुटले. मी "हाल्ट" म्हणेपर्यंत सात रेघा झाल्या होत्या. पोरगी रडवेली झाली. "सर, मी आधी मारला होता."

साहेब म्हणाले, "हो बेटा, मारलाच होता. पण दिवा लागला म्हणून मी थांबलो का?"

हे वाक्य मी अजून वर्गात तसंच्या तसं वापरते. आमच्या खेळात टच झाला की थांबतात. अंगाला अंग भिडून हत्यार चालवता येईना, तरी रेफरी थांबवतो. रिकाम्या हातानं पातं धरलं तर कार्ड मिळतं. चौदा मीटरच्या पिस्टवर आजूबाजूला कोणी नसतं. चाकूच्या भांडणात यातलं काहीच नसतं. तिथे चाकूवाला एका हातानं कॉलर धरतो आणि दुसऱ्यानं शिलाई मशीनसारखा भोसकत राहतो. साहेबांचं म्हणणं असं की चाकू आधी दिसतोच असं नाही. पुष्कळ जखमींना आधी बुक्की बसली असंच वाटतं, ओलं लागल्यावर कळतं.

दुसरा सामना मार्कर विरुद्ध मार्कर, वीस सेकंद. हा प्रयोग तुम्हीही घरी करू शकता, फक्त डोळ्यांवर काहीतरी पक्कं लावा. आम्ही चार जोड्या खेळवल्या आणि शेवटी टी-शर्ट काढून फरशीवर ओळीनं पसरले. एकही टी-शर्ट कोरा नव्हता. जिंकलेल्या मुलाच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, मी मोजल्या तर अकरा रेघा होत्या. हरलेल्याच्या तेरा. मानेवर एकेक दोघांच्याही. मुलं सुरुवातीला हसत होती, मोजणी झाल्यावर गप्प झाली.

चाकूच्या शिकवणीतून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ती शिकवते की लागणार आहे. तलवारबाजी नकळत शिकवते की नीट खेळलो तर लागणारच नाही. त्या टी-शर्टांनी माझ्या मुलांच्या डोक्यातला हा गैरसमज एका सकाळीत काढून टाकला, जे मला दहा वर्षं बोलून जमलं नव्हतं.

धंतोलीची नाली

आता माझं. 2016 चा डिसेंबर, रात्रीचे साडेनऊ. धंतोलीत नातेवाईकाला दवाखान्यात डबा देऊन मागच्या गल्लीतून गाडीकडे येत होते. थंडी होती, गल्लीत कोणी नाही. एक पोरगा समोरून आला, वीस-बावीसचा असेल. पाच-सहा पावलांवर असताना त्यानं स्वेटरच्या बाहीतून चाकू काढला. "पर्स दे."

माझे पाय माझ्या आधी हलले. इतक्या वर्षांचा सराव. गुडघे वाकले, वजन मधोमध आलं, आणि मी मागे सरकायला लागले, छोटी छोटी पावलं, टाच आधी न टेकवता. तो एक पाऊल पुढे, मी एक पाऊल मागे. अंतर तेवढंच राहिलं. नजर त्याच्या हातावर. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं आणि मला आतून एक प्रकारची शांतीही वाटत होती.

मग माझी टाच नालीच्या कडेला लागली आणि मी पाठीवर पडले.

पिस्टवर मागची रेषा कुठे आहे हे आम्हाला अंगात भिनलेलं असतं. दोन्ही पाय तिच्या मागे गेले की समोरच्याला गुण. शेवटच्या दोन मीटरची पट्टी वेगळ्या रंगाची असते, तेवढी सूचना मिळते. गल्लीत तसं काही नव्हतं. मी सरळ रेषेत मागे जात राहिले, कारण इतकी वर्षं सरळ रेषेतच मागे गेले होते. पडल्या पडल्या मी पर्स त्याच्याकडे फेकली, त्याच्यापासून थोडी लांब. तो ती उचलायला वळला आणि पळाला. मनगट मुरगळलं, आठशे-नऊशे रुपये आणि कागदपत्रं गेली. पर्स तो मागताक्षणी फेकायला हवी होती, हे मला त्याच जागी बसून समजलं. मी तलवारबाज आहे म्हणून मी ती सहा-सात पावलं घेतली. त्या पावलांत मला काय वाचवायचं होतं?

आता आमच्या हॉलमध्ये जे शिकवते ते या दोन प्रसंगांतून तयार झालं आहे.

सराव कसा करायचा

सुरुवात अंतरापासून करा. 1983 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी लिहिलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, म्हणजे पोलिसाला पिस्तूल काढून झाडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. 21 फूट म्हणजे सुमारे 6.4 मीटर. आमच्या हॉलच्या फरशीवर मी दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत, एक 4 मीटरची आणि एक 6.4 ची. 4 मीटर यासाठी की सामना सुरू होताना दोन खेळाडूंच्या पुढच्या पायांत तेवढं अंतर असतं आणि मुलांना ते डोळे मिटूनही कळतं. तुम्ही घराच्या गच्चीवर खडूनं आखा. एकाला 6.4 वर उभं करा, त्याच्या हातात मार्कर. त्यानं न सांगता धावायचं. तुम्ही वळून पळायचं किंवा हातातली बॅग पोटासमोर आणायची. पहिल्या दहा वेळा बॅग खांद्यावरून निघणारच नाही. मग तुमच्या लक्षात येईल की रात्री एकटं चालताना बॅग खांद्यावर क्रॉस का घेऊ नये. पंधरा दिवस हे केलं की सहा-सात मीटर म्हणजे किती हे डोळ्यांत बसतं, आणि एवढ्या आत आलेल्या अनोळखी माणसाकडे लक्ष आपोआप जायला लागतं. माझ्या मते स्वसंरक्षणाचा निम्मा भाग हा आहे. बाकी कसरती याच्या नंतर.

पाय. तलवारबाजीचं मागे सरकणं ठेवा, पण दोन पावलांपुरतं. तिसरं पाऊल तिरपं, डाव्या किंवा उजव्या हाताला, आणि मग वळून धाव. समोरून येणारा पुढे धावतो, तुम्ही मागे धावता. तो नेहमीच गाठणार. हॉलमध्ये मुलांच्या मागे मी दप्तरं, खुर्ची, पाण्याची बाटली टाकून ठेवते, धंतोलीची नाली समजून. मागे जाण्याआधी क्षणभर खांद्यावरून बघायची सवय त्यातून लागते. एकदा बघणं पुरतं. पण ते पहिल्या पावलाआधी व्हायला हवं.

आमची एन गार्डची, म्हणजे सामन्याच्या तयारीत उभं राहण्याची, पद्धत रस्त्यावर सोडा. पुढचा पाय सरळ, मागचा काटकोनात, अंग आडवं: लंजसाठी, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेपावत टोचण्यासाठी, ही रचना उत्तम, पण यात बाजूला पळता येत नाही आणि दुसरा माणूस पाठीमागून आला तर दिसत नाही. दोन्ही पायांची बोटं पुढे, पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा हलक्या. हात दोन्ही समोर, कोपरं अंगाशी, तळवे स्वतःकडे. मनगटाची आतली बाजू समोरच्याला दाखवू नका; शिरा आणि बोटं हलवणाऱ्या दोऱ्या तिथे असतात. बाहेरच्या बाजूला लागलं तर निदान मूठ वळते. तलवारबाजाचा मागचा हात सवयीनं लोंबकळत असतो, त्याला कामाला लावायला महिना जातो. मी मुलांच्या त्या हातात उशी देते. वार आला की उशी मध्ये. उशी खाली पडली की पुन्हा सुरुवात.

नजरेचं मात्र जसंच्या तसं ठेवा. आम्ही समोरच्याच्या मुठीकडे बघतो, कारण डोळे फसवतात, खांदे फसवतात, मूठ फसवत नाही. रस्त्यावर यात एक भर घाला: न दिसणारा हात. एक हात पाठीमागे, बाहीत किंवा शर्टाखाली ठेवून कोणी "दादा, टाइम काय झाला" म्हणत जवळ येत असेल तर वेळ लांबूनच सांगा आणि चालत राहा. उद्धट वाटलं तर वाटू द्या.

हातात काय घ्यायचं? इथे इपी खरंच कामाला येते. इपीत आम्ही बरेच टच मनगटावर घेतो, कारण समोरच्याचा सगळ्यात जवळचा भाग तोच. छत्री, लांब दांड्याचा झाडू, काठी, काहीही एक मीटरचं हातात असेल तर टोक त्याच्या छातीकडे रोखून ठेवायचं आणि तो हात पुढे करील तेव्हा हातावरच द्यायचं. शरीरावर मारायला गेलात की तो आत येणार, जसे सुभेदार साहेब आले. माझे बाबा महालच्या आखाड्यात लहानपणी लाठीकाठी शिकले होते. ते म्हणायचे, काठीचं काम माणूस लांब ठेवणं. तलवारबाजीत आम्ही तेच फ्रेंच शब्दांत शिकतो. काठी नसेल तर हेल्मेट. नागपुरात गाडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतं. पट्ट्यात हात घालून पोटासमोर धरलं की छोटी ढाल होते. आणि तेही नसेल तर मध्ये काहीतरी आणा: उभी गाडी, हातठेला, बाक. दोन माणसांमध्ये एक ॲक्टिव्हा उभी असेल तर चाकूवाल्याला वळसा घालावा लागतो, आणि तेवढ्यात तुम्ही धावू शकता.

लंज मारायचा मोह होईल. आवरा. लंजमध्ये तुमचं सगळं वजन पुढच्या गुडघ्यावर जातं आणि परत उठायला अर्धा सेकंद लागतो. पिस्टवर तो अर्धा सेकंद परवडतो.

आवाज. मुलं टच घेतल्यावर बेंबीच्या देठापासून ओरडतात, पण मार्करच्या सामन्यात एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून आता प्रत्येक रविवारी पाच मिनिटं आम्ही फक्त ओरडतो. "मागं हो!" आणि "चाकू आहे!" एवढी दोनच वाक्यं. दुसरं वाक्य आजूबाजूच्यांसाठी. "वाचवा" ऐकून लोक खिडकीतून बघतात, "चाकू आहे" ऐकून त्यांना निदान काय चाललंय ते कळतं आणि कोणीतरी 112 लावतो. शेजारच्या इमारतीतल्या काकांनी पहिल्या रविवारी धावत येऊन दार ठोठावलं होतं. त्यांची माफी मागितली आणि मनातून बरं वाटलं.

हे सगळं दम लागलेला असताना करा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा सकाळी साडेपाचला हॉल उघडते. आधी दहा मिनिटं पायऱ्या, मग लगेच 6.4 मीटरचा सराव. निवांत श्वास असताना सगळ्यांना सगळं जमतं.

चाकू शिकवणाऱ्यांकडे जायचं का?

जायचं, पण बघून. पहिल्याच दिवशी जो चाकू हिसकावून घेण्याचे दहा डाव दाखवतो त्याच्याकडे पैसे भरू नका. त्या डावांत समोरचा एकच वार करतो आणि हात तिथेच हवेत ठेवतो, आणि खरा चाकूवाला हात लगेच मागे ओढतो. फिलिपिन्सची आर्निस किंवा एस्क्रिमा ही पद्धत शिकवणारा चांगला गुरू मिळाला तर जरूर शिका. एस्क्रिमा हा शब्दच मुळात स्पॅनिश भाषेतल्या तलवारबाजीच्या शब्दावरून आला आहे, आणि काठीपासून सुरुवात करून चाकूपर्यंत नेणारी ती शिस्त माझ्या इपीच्या मुलांना लवकर समजते. गुरूची पारख करायची असेल तर त्याला सांगा, "मी मार्कर घेतो, तुम्ही अडवा, आणि मी थांबणार नाही." तयार झाला तर तो खरा. वर्गात पळून जाण्याचा सराव होतो का, हेही विचारा. होत नसेल तर तिथे चाकूबाजी शिकवतात, स्वसंरक्षण नाही, आणि मानेवाड्याच्या त्या मुलाला पहिल्याची काहीच गरज नाही.

खिशात चाकू ठेवण्याबद्दल

त्या मुलाशी मी दुसऱ्या दिवशी एकट्याशी बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मी कोणाले मारणार नाही, फक्त दाखवीन." मी त्याला टी-शर्ट दाखवले. फरशीवर पसरलेल्या त्या टी-शर्टांचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. म्हटलं, यातल्या प्रत्येकाच्या हातात चाकू होता. दाखवण्यासाठी काढलेला चाकू बघून समोरचाही काढतो, मग दोघांना माघार घेता येत नाही. पर्स मागणाऱ्याला पर्स हवी असते. चाकू पाहिल्यावर त्याला स्वतःचा जीव वाचवायचा असतो.

कायद्याचंही सांगितलं. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार, घरकाम-शेतीचं सोडून, शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. त्याहून लहान असलं म्हणजे मोकळीक, असं नाही. पोलीस आयुक्त वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात आणि त्यात चाकूपासून लाठीपर्यंत सगळं येतं. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये दिलेला आहे आणि तो भक्कम आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क तिथे नाही, आणि आधीपासून खिशात ठेवलेल्या चाकूबद्दल प्रश्न विचारले जाणारच. सतराव्या वर्षी त्याची उत्तरं द्यायची वेळ येऊ नये.

चाकू त्यानं मला दिला. तो त्याच्या आईला दिला, स्वयंपाकघरात ठेवायला.

लागलंच तर

हे शेवटी लिहिते आहे, पण शिकवते पहिल्या महिन्यातच. सुटून सुरक्षित ठिकाणी आल्यावर दोन्ही हातांनी स्वतःचं अंग चाचपा: मान, काखा, पोट, पाठ, मांड्यांच्या आतल्या बाजू. हात बघा, रक्त आहे का. भीतीमध्ये जखम दुखत नाही. हातापायाला लागलं असेल तर ओढणी, रुमाल, जे असेल ते जखमेवर घट्ट दाबा आणि दाबून धरा. थांबलं का हे बघायला पुन्हा पुन्हा उचलू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. चाकू अंगात अडकला असेल तर काढू नका, तो तसाच आधार देऊन धरा. 108 लावा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो, या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल ते. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, मध्येच चक्कर येते.

माझ्या किट बॅगमध्ये मास्क आणि ग्लोव्हच्या खाली गॉजचे दोन जाड रोल आणि रुंद पट्टी कायम असते. मोठ्या मुलांना मी ती डोळे मिटून काढायला लावते.

आणि ताई, तुमच्यासाठी: त्याला रविवारी सकाळी सहाला पाठवा. फी पुढच्या महिन्यापासून. बूट सपाट तळाचे, पाण्याची बाटली मोठी, आणि एक जुना पांढरा टी-शर्ट द्या जो परत घालायचा नाही. मार्करचे डाग धुऊन जात नाहीत. तुम्हीही थांबलात तर बरं. मार्कर दोन आहेत, तुमच्यासाठीही मास्क काढून ठेवते.